सामाईक कॉम्प्रेसर

१२ जानेवारी, रविवार

दरवर्षी बँकेतून मला एक डायरी मिळते आणि दरवर्षी कोकिळा तिच्यात इस्त्रीचे कपडे लिहिते. यंदा मी ती आधीच उचलून कपाटात ठेवली. घरात जे चाललं आहे ते बायकोपेक्षा थोड्या नि:पक्षपाती माणसाने लिहून ठेवायला हवं.

आज सकाळी कॉम्प्रेसर गेला.

मी डिंपलच्या स्कूटरला रंग मारत होतो. डिंपल माझी पुतणी, धाकट्या भावाची, नवलची मुलगी. पुढच्या महिन्यात ती शिरपूरला कॉलेजात शिकवायला जाणार, तेव्हा तिची जुनी स्कूटर नवी करून द्यायची असं मी ठरवलं आहे. बाप कसाही असला तरी त्यात पोरीचा काय दोष? मोरपंखी रंग तिनेच निवडला. डावी बाजू सुरेख झाली. उजवीकडे वळलो आणि स्प्रे गनने फवारा सोडायचं सोडून थुंकायला सुरुवात केली. मोटर फिरत होती, पट्टा फिरत होता, पण गेजचा काटा निम्म्यावर बसला तो बसलाच. आता स्कूटर डावीकडून मोर आणि उजवीकडून उंदीर दिसते.

कॉम्प्रेसर नुसता माझा असता तर प्रश्न नव्हता. धुळ्याच्या देवपुरातलं हे घर आम्ही दोघा भावांनी वाटून घेतलं तेव्हा मधे भिंत आली, दोन दारं झाली, पाण्याच्या दोन टाक्या झाल्या. मागचं गॅरेज तेवढं सामाईक राहिलं, कारण कॉम्प्रेसर मधून कापता येईना. सकाळी माझा, संध्याकाळी नवलचा, असं ठरलं. मी सुटीच्या दिवशी जुन्या गाड्या रंगवतो. नवल शेतकऱ्यांच्या ठिबकच्या नळ्या साफ करून देतो. चोंदलेल्या नळीत जोरात हवा मारली की गाळ निघून जातो. म्हणजे मशीन त्याच्याकडे जास्त चालतं. मी आरोप करत नाही, नोंद करतो.

आम्ही तीन वर्षं बोलत नाही. शिरपूरला एका साखरपुड्यात, सगळ्या पाहुण्यांसमोर, तो हसत हसत म्हणाला, "दादाला गाडी मागे घेता येत नाही." हे साफ खोटं आहे. आमच्या गेटचा खांब चुकीच्या जागी आहे. दोनदा नवीन बांधून घेतला तरी तो चुकीच्याच जागी आहे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. डिंपल पलीकडून तिळाचे लाडू घेऊन आली. "पप्पांनी दिलेत," म्हणाली. सुलक्षणाने, म्हणजे नवलच्या बायकोने, केले होते हे चवीवरून कळतंच. मी दोन खाल्ले. लाडू खाल्ला म्हणजे बोलायलाच हवं असा काही कायदा नाही.

संध्याकाळी कॉम्प्रेसरचा विषय काढला. नियमाप्रमाणे मी कोकिळाला सांगतो, कोकिळा सुलक्षणाला सांगते, ती नवलला. उत्तर त्याच रस्त्याने परत येतं. नवलचं उत्तर आलं: दादाच्या रंगाची धूळ मशीनच्या फिल्टरमध्ये गेली आहे. मी उलट निरोप दिला: रात्रंदिवस नळ्या फुंकल्या तर मशीनचा जीव जाणारच. त्यावर दोघी जावा भिंतीशी उभ्या राहून बराच वेळ हसत होत्या. मशीन बिघडलं यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

मग कोकिळाने एक नंबर दिला. अभिमन म्हणून कुणी मेकॅनिक आहे, हायवेला दुकान आहे, हात चांगला आहे म्हणे. हिला मेकॅनिक कुठून माहीत?

१६ जानेवारी, गुरुवार

अभिमनभाऊ सकाळी बँकेच्या आधीच आला. पन्नाशीचा गडी, अंगठ्याला पट्टी बांधलेली, बोलायला मोकळा. पट्टा ताणून बघितला, हेड उघडलं. आत एक पातळ पाती असते, हवा टाकीत शिरली की ती परत येऊ देत नाही. ती पाती तुटली होती. "जळगावहून मागवावी लागेल," म्हणाला.

कोकिळाने त्याला चहा-पोहे दिले. चहाचा घोट घेऊन म्हणाला, "वहिनी, तिकडच्यापेक्षा तुमच्या चहात आलं कमी आहे." तिकडच्या म्हणजे कुठल्या, हे त्याने सांगितलं नाही. हायवेवरच्या टपरीच्या असेल.

१७ जानेवारी, शुक्रवार

नवलने स्वतःचा वेगळा मेकॅनिक आणला! मी बँकेतून आलो तेव्हा गॅरेजचं पलीकडचं दार लोटलेलं होतं आणि आत ठोकाठोक चालू होती. एका मशीनवर दोन मेकॅनिक म्हणजे एका पेशंटवर दोन डॉक्टर. मी फटीतून बघायचा प्रयत्न केला. पाठ तेवढी दिसली. हातोडी धरलेल्या त्याच्याही अंगठ्याला पट्टी होती. या धंद्यात बोटांची काळजी कुणी घेतच नाही.

कोकिळाला म्हटलं, "नवलला सांग, माझा माणूस काम करत असताना त्याच्या माणसाने हात लावायचा नाही." ती तोंडाला पदर लावून आत गेली. खोकला झाला असावा.

१९ जानेवारी, रविवार

वाईट बातमी.

अभिमनभाऊ नवी पाती घेऊन आला, बसवली, मशीन चालू केलं. काटा वर गेला, मी खूश. बंद केल्यावर मात्र काटा हळूहळू खाली यायला लागला आणि कुठूनतरी सुस्स असा आवाज. अभिमनभाऊने विचारलं, "टाकीतलं पाणी कोण काढतं?"

हवा दाबली की तिच्यातली ओल टाकीच्या तळाशी पाणी होऊन साचते. ते सोडायला टाकीच्या पोटाखाली एक छोटी चावी असते. मी म्हटलं, "नवल काढत असणार. संध्याकाळी शेवटी तोच बंद करतो."

अभिमनभाऊ हसला. "आणि ते म्हणतात मोठे भाऊ काढत असतील, सकाळी पहिले तेच येतात."

नवल काय म्हणतो ते याला कसं कळलं कोण जाणे. आमच्या गल्लीत बातम्या फार पसरतात.

चावी इतकी गंजली होती की पाना लावून फिरवावी लागली. काकवीसारखं पाणी निघालं, निघतच राहिलं. मग त्याने टाकीच्या पोटाला साबणाचा फेस लावला आणि थोडी हवा भरली. एका जागी फेसाचा फुगा आला. बारीकसं भोक. पान्याने आजूबाजूला टकटक केलं तर आवाज बद्द.

"भाऊ, टाकी आतून खाल्ली गेली," तो म्हणाला. आता हसत नव्हता. "हिच्यात हवा भरू नका. आणि वेल्डिंग तर अजिबात करू नका. पातळ पत्र्याला ठिगळ मारलं की ते शेजारून फाटतं, आणि दाबलेली हवा फाटली की समोरचा माणूस राहत नाही. नवीन घ्या."

मोटरच्या बटणाला त्याने एक लाल फडकं बांधलं. जाताना म्हणाला, "आज संध्याकाळी मी येत नाही. सासऱ्यांच्या विहिरीवर मोटर बसवायला सोनगीरला चाललो, तिकडे फोन लागेल न लागेल. नवलभाऊ आता शेतावर गेलेत ना? त्यांना तुम्ही आठवणीने सांगा."

मी हो म्हटलं. खरं तर संध्याकाळी यायला मी त्याला सांगितलंच नव्हतं.

दुपारी कोकिळा, सुलक्षणा आणि डिंपल शिरपूरला गेल्या. सुलक्षणाच्या भावाच्या मुलीचं लग्न आहे, शनिवारी. आठवडाभर आधी जाऊन काय करणार? पण बायकांचं बायकांत असतं.

२० जानेवारी, सोमवार

निरोपाची पंचाईत. काल बायकांच्या निघायच्या गडबडीत सांगायचं राहूनच गेलं. कोकिळा नाही, सुलक्षणा नाही, डिंपल नाही. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तो.

सकाळी ब्रश करताना भिंतीशी गेलो आणि खाकरलो. पलीकडूनही कुणीतरी खाकरलं. मी पुन्हा खाकरलो. तोही पुन्हा. मग भांडं पडल्याचा आवाज आला आणि दार लागलं. त्याला सर्दी असावी.

बँकेतून कोकिळाला फोन केला. म्हटलं, "सुलक्षणाला सांग, नवलला म्हणावं कॉम्प्रेसर लावू नकोस." ती म्हणाली, "इथे बँडच्या आवाजात काही ऐकू येत नाही. तुम्हीच सांगा ना!" आणि फोन ठेवला. लग्न शनिवारी. सोमवारी कसला बँड? मला तर नुसतं दोन बायकांचं खिदळणं ऐकू आलं.

नवलचा नंबर काढला होता. अंगठा नावावर ठेवला आणि उचलला. फोन केला तर आधी काय म्हणायचं? 'हॅलो' म्हटलं तर मी आधी बोललो असं होईल. न म्हटलं तर तो ठेवून देईल. शिवाय त्याचा स्वतःचा मेकॅनिक आहे. माझ्या माणसाला जे भोक दिसलं ते त्याच्या माणसाला दिसणार नाही का? सांगेल तो.

तरी जेवण गेलं नाही. खिचडी करपली होती हे कारण असेल.

२१ जानेवारी, मंगळवार

नव्या कॉम्प्रेसरचे फोटो जळगावच्या एका दुकानदाराने पाठवले. एकट्या माणसाला पुरेल असा लहान, लाल, चाकं लावलेला. कुठेही ओढत नेता येतो, कुणाला विचारायची गरज नाही. मला आवडला नाही. रंग फार भडक आहे. दुसरा पिवळा पाठवला, तोही आवडला नाही. तिसऱ्याचं हँडल बरोबर नव्हतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, तुम्हाला घ्यायचाय की नाही?"

संध्याकाळी गॅरेजमध्ये डोकावलो. बटणावरचं लाल फडकं नाही. नवलने हात पुसायला घेतलं असणार. दुसऱ्याच्या वस्तूची कदर त्याला कधी नव्हतीच. आत काहीतरी जळाल्यासारखा वास येत होता. त्याने विडी सोडली असं डिंपल म्हणत होती, पण वास वेगळाच सांगतो.

२२ जानेवारी, बुधवार

आजचं अक्षर वाचता येईल की नाही माहीत नाही.

सकाळी अंघोळीला बसलो होतो. अंगाला साबण लावला आणि गॅरेजमधून मोटरचा आवाज आला. खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की सकाळची वेळ माझी आहे. ठरलेलं आहे सगळं, पंचांसमोर ठरलेलं, आणि हा माणूस सकाळी सकाळी मशीन लावतो! या रागात मी एक तांब्या ओतून घेतला. दुसरा तांब्या भरताना काल आलेला तो वास आठवला. तो विडीचा नव्हता. वेल्डिंगचा होता.

तांब्या कुठे पडला ते माहीत नाही. टॉवेल गुंडाळला आणि धावलो.

नवल टाकीशी उकिडवा बसला होता. टाकीच्या पोटाला काळं ताजं ठिगळ, त्यावर साबणाचा फेस, आणि हा कान त्याला लावून आवाज ऐकतोय. काटा वर चढत होता.

"नवल!"

तीन वर्षांत मी त्याला हाक मारली नव्हती. त्याने वर बघितलं. मोटरच्या आवाजात त्याला काही ऐकू येत नव्हतं. ओठांवरून दिसलं, "काय?" म्हणत होता.

"बंद कर! ऊठ तिथून!"

"काय?"

मी मेन स्विच ओढला आणि त्याच्या शर्टाची कॉलर धरून त्याला दाराबाहेर खेचलं. तो माझ्यापेक्षा वजनाने जास्त आहे. एरवी मला तो हलला नसता. आम्ही दोघे अंगणात आडवे पडलो आणि आत ठिगळ उडालं.

तो आवाज मला लिहिता येत नाही. टाकीने उडी मारली आणि भिंतीवर आदळली. ठिगळ वरच्या पत्र्यातून आरपार गेलं. आता तिथून आकाश दिसतं. नवलचा कान जिथे होता तिथून सरळ वर. गंजाचं पाणी सगळीकडे उडालं होतं. डिंपलच्या स्कूटरला मात्र काही झालं नाही, ती कोपऱ्यात होती.

बराच वेळ आम्ही दोघे पत्र्याच्या भोकाकडे बघत होतो. मग नवल तीन वर्षांतलं पहिलं वाक्य बोलला.

"दादा, टॉवेल."

टॉवेल दारातच राहिला होता. तो त्यानेच उठून आणून दिला, तोंड दुसरीकडे करून. मग आम्ही गॅरेजच्या पायरीवर बसलो आणि भांडलो. इतकं भांडलो की सांगायची सोय नाही. वेल्डिंग कुणाला विचारून केलंस? भोक दिसलं म्हणून केलं, तू कुठे सांगितलंस नको म्हणून? तुझ्या मेकॅनिकने नाही सांगितलं? तो रविवारपासून आलाच नाही, फोनही लागत नाही. माझाही नाही. नाव काय तुझ्या मेकॅनिकचं? अभिमन. माझाही अभिमन. 

मग पाणी कुणी काढायचं यावर सुरू झालं. "शेवटी बंद तू करतोस!" "पहिला चालू तू करतोस!" तिथून वाटणी निघाली, शिरपूरचा साखरपुडा निघाला. तो म्हणाला, "मी सगळ्यांना हसवायला म्हटलं होतं दादा, आणि तू हसला नाहीस. तुला न हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या दारापर्यंत आलो होतो."

"मग?"

"दार बंद होतं."

मी म्हटलं, "वाजवायचं."

"हो," तो म्हणाला. "वाजवायचं होतं."

शेजारच्या भिकुबाई कुंपणापाशी आल्या. वय झालं आहे, पण आवाज खणखणीत. "काय व्हयनं रे? बठ्ठी गल्ली जागी करी टाकी! दोन्ही भाऊ येडा शेतस." मग माझ्याकडे बघून, "आनि तू कपडा घाल."

बँकेत पहिल्यांदाच उशिरा गेलो. मॅनेजरने कारण विचारलं. म्हटलं, भावाशी बोलत होतो.

२३ जानेवारी, गुरुवार

अभिमनभाऊ सोनगीरहून आला. फुटलेली टाकी बघितली, वरचं भोक बघितलं आणि खालीच बसला. "मोठे भाऊ, मी तुम्हाला सांगून गेलो होतो," एवढंच म्हणाला. मला त्याच्याकडे बघवलं नाही. नवल म्हणाला, "दादाने सांगितलं मला." हे खोटं होतं, म्हणजे अगदी खोटं नव्हतं, पण उशिरा होतं. का म्हणाला असेल? मी नंतर विचारलं तर म्हणे, चहा घे.

चहात आलं खरंच जास्त होतं. बायको नसताना नवल आलं टाकतो, हे मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट मात्र विलक्षण. धुळ्यात एवढे मेकॅनिक असताना कोकिळाने मला आणि सुलक्षणाने नवलला नेमका एकच नंबर द्यावा, आणि एकमेकींना पत्ता नसावा! मी हा योगायोग अभिमनभाऊला सांगितला. त्याला जोराचा ठसका लागला.

२५ जानेवारी, शनिवार

चौथा शनिवार, बँक बंद. लग्नाला मी जाणार नव्हतोच. नवलही गेला नाही; मुलीचा बाप रागावेल म्हटलं तर म्हणाला, "त्याला सांगितलंय, घरात महत्त्वाचं काम आहे." आम्ही त्याच्या पिकअपने जळगावला गेलो.

दुकानदाराने मला आवाजावरून ओळखलं आणि कपाळाला हात लावला. "तुम्हीच ना ते? हँडलवाले?" मी लाल, पिवळा, सगळे पुन्हा बघितले. नवल किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होता. मग म्हणाला, "दादा, दोन लहान घ्यायचे तर घेऊ. तुझा तुला, माझा मला. रोजची कटकट नको."

व्यवहाराच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. मी मान डोलावली. दुकानदार दोन लहान मशीनं काढायला आत गेला. त्याच्या मागे कोपऱ्यात एक मोठा उभा होता, निळा, दोन हेडचा, पोट चांगलं भरलेलं. नवल त्याच्याकडे बघत होता. मग माझ्या लक्षात आलं की मीही तिकडेच बघतोय.

"एवढा मोठा एका माणसाला काय करायचा," मी म्हटलं.

"तेच तर," नवल म्हणाला. "एका माणसाला जास्तच होतो."

मोठा घेतला. दुकानदाराने लहान दोन पुन्हा आत ठेवले आणि आम्हाला काहीही न विचारता पाणी काढायची चावी कुठे आहे ते दोनदा दाखवलं, एकदा मला, एकदा नवलला.

निघताना नवल शेजारच्या रंगाच्या दुकानात शिरला आणि मोरपंखीचा एक डबा घेऊन आला. मला रंग कमी पडेल हे मी त्याला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "मी रोज संध्याकाळी बघत होतो ना. डावी बाजू फार छान झालीय."

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, वर कच्चा कांदा. मशीन मागे दोरीने बांधलेलं होतं, नवल दर दोन घासांनी उठून गाठ बघून येत होता. तेवढ्यात कोकिळाचा फोन आला. लग्न लागलं, जेवणं झाली, तुम्ही जेवलात का?

म्हटलं, "जेवतोय. भरीत."

"एकटेच?"

"नाही. नवल आहे."

 लाईन गेली असं वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग सुलक्षणाचा आवाज ऐकू आला, नाक ओढल्यासारखा, रडल्यासारखा. मी घाबरलो. विचारलं, काय झालं, कुणाला काय झालं? कोकिळाचाही आवाज बसल्यासारखा येत होता. म्हणाली, "काही नाही हो. सुलक्षणा कांदा चिरतेय."

आता हे मला बरोबर वाटलं नाही. लग्न लागलेलं, जेवणं झालेली, आचारी हजर, आणि मुलीच्या सख्ख्या आत्याला कांदा चिरायला बसवतात? मी फोन ठेवला आणि नवलला म्हटलं, तुझ्या मेव्हण्याशी एकदा बोलायला हवं, बायकामाणसांना असं राबवायचं म्हणजे काय.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग शेवटची पुरी माझ्या ताटात टाकली.

"दादा," तो म्हणाला, "तू जेव."